कागलच्या टूरला जोडून

आमच्या ऑफिसात कामाला सुट्टी जोडण्यात एकेक वस्ताद बसलेत. एकाला दरवर्षी बरोब्बर डिसेंबरातच गोव्याच्या व्हेंडरची आठवण येते. दुसऱ्याची चेन्नईची टूर शुक्रवारी संपते आणि हा सोमवारी बुटांतली समुद्राची वाळू झाडत हजर होतो. साहेबांना सगळं कळतं. पण साहेबही उदयपूरच्या मीटिंगला बायकोला घेऊन जाऊन आलेत, त्यामुळं कुणी कुणाला बोलत नाही. या सगळ्या वाटणीत माझ्या नशिबी आलंय कागल.

"कागलला जाऊन काय बघतेस गं?" असं मला कँटीनमध्ये विचारतात.

मी म्हणते, "लोखंड बघते."

आणि खरंच तेच बघते. पुण्यातल्या आमच्या कंपनीत ट्रॅक्टरचे भाग जोडले जातात. त्यातले ओतीव भाग, म्हणजे कास्टिंग, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतून येतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा मी तिथं जाते, कंपनीच्या खर्चानं कोल्हापुरात लॉजवर उतरते. तयार माल हातोडीनं वाजवून बघायचा, आत हवेचे फोड राहिलेत का ते तपासायचं, मापं घ्यायची आणि खराब निघेल तो बाजूला काढायचा. बाईमाणूस हातोडी घेऊन फौंड्रीत फिरतंय याचं सुरुवातीला तिथल्या लोकांना लई कौतुक होतं. मग मी एकदा अख्खा लॉट परत केला आणि कौतुक संपलं. आता मी गेटात शिरले की चहाच्या आधी विचारतात, "मॅडम, आज मूड कसा हाय?" दुपारी समोर मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा येतो. मी आधीच सांगून टाकते, मटण खाल्लं म्हणून माल पास होत न्हाई. त्यावर ते म्हणतात, "तुम्ही खावा तर आधी. मालाचं मागनं बघू." कुणी रुसत नाही, कुणी फुगत नाही.

मी मूळची कोल्हापूरचीच. माहेर तिथलं, सासर तिथलं. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. लग्नानंतर नोकरीपायी आम्ही दोघं पुण्याला आलो, कोल्हापुरातलं भाड्याचं घर सोडलं आणि सासूबाईंनाही सोबत आणलं. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. आमच्या आत्ती शांत, सोशिक वगैरे मुळीच नाहीत. त्या तळमजल्यावर भाजीवाल्याशी बोलल्या तर मला तिसऱ्या मजल्यावर भाव कळतो. आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' असं बोलतात, तशाच त्या पुण्यातही बोलतात. सोसायटीतल्या बायकांनी त्यांना सुधारायचा चिक्कार प्रयत्न केला, शेवटी त्यातल्या दोघी 'मी येतो हं' म्हणायला लागल्या.

या आत्ती गेल्या हिवाळ्यात एकदा कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "तुझ्या त्या कोल्हापूरच्या लॉजात दोन माणसं चालत्यात का?"

"चालतात की. खोली तीच असते."

"मग ह्या खेपंला मी बी येतो. तेवढाच हवापालट."

मी चाटच पडले. लोणावळ्याच्या सहलीला गुडघा दुखतो म्हणून न आलेली ही बाई. पण मी काही बोलले नाही, कारण मला माहीत होतं. काही दिवसांपूर्वी एका नातेवाइकाचा फोन आला होता. आत्तींची धाकटी बहीण, माझ्या नवऱ्याची मावशी, गडहिंग्लजचं घर सोडून बंगळूरला मुलाकडं चालली होती. कायमची. आत्तींनी ऐकून घेतलं, 'बरं' म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या दिवशी पोट बिघडलंय म्हणून जेवल्या नाहीत.

या दोघींचं बोलणं माझ्या लग्नापासून बंद होतं. आणि कशावरून, तर एका गाडीवरून. आमच्याकडं लग्नकार्याला बहिणीला, लेकीला नुसतं 'ये' म्हणून भागत नाही. घरचं माणूस तिला आणायला तिच्या दारात जातं. त्या माणसाला मुराळी म्हणतात. मुराळी आला की ती बाई शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "मला न्यायला आल्यात बाई," आणि मगच पिशवी उचलते. माझ्या लग्नात मात्र कार्यालय कोल्हापुरात, घरात पुरुषमाणूस म्हणजे एक नवरदेव, आणि धावपळ ही एवढी. म्हणून आत्तींनी मावशीला आणायला एक पांढरी एसी गाडी ठरवली आणि ड्रायव्हरबरोबर गडहिंग्लजला पाठवली. गाडी गेली तशी रिकामी परत आली. ड्रायव्हर हळदीच्या गर्दीत उभा राहून म्हणाला, "त्या न्हाई येत म्हणाल्या." बस, एवढंच. बाकीचं आमच्या पाहुण्यांनी भरलं. मुराळी धाडला नाही, मान राखला नाही, भाड्याचा माणूस पाठवला म्हणून बाईनं गाडी परत केली, असं अख्ख्या मांडवानं ठरवून टाकलं. मी हिरव्या चुड्यात बसून हे ऐकत होते.

नंतर दोघी बारशाला, मयतीला समोरासमोर आल्या. पण 'बरी हाईस का' आणि 'बरी हाय' याच्या पुढं कुणी गेलं नाही. फोन कुणी आधी करायचा यावरच सगळी वर्षं गेली.

तर गुरुवारी पहाटे मी आणि आत्ती माझ्या गाडीनं निघालो. पुढच्या सीटच्या पट्ट्यानं गुदमरतं म्हणून आत्ती कायम मागं बसतात. साताऱ्यापर्यंत आम्ही नीट बोललो. किणीचा टोलनाका मागं पडला तशी माझीही जीभ सैल झाली आणि एका ट्रकवाल्याला मी असं काही झाडलं की आत्ती मागनं म्हणाल्या, "आता आलं बघ गाव."

खरी गंमत लॉजवर. आपल्याच गावात लॉजवर उतरायचं म्हणजे आत्तींना मेल्याहून मेल्यासारखं. कुणी बघितलं तर काय म्हणेल? गावात एवढी पै-पाहुण्यांची घरं असताना जेवायला न येता लॉजवर राहिली? डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत ओढून त्या एका खांबाआड उभ्या. रिसेप्शनवरच्या माणसानं त्यांच्या आधार कार्डावर पुणे वाचलं आणि लई प्रेमानं म्हणाला, "पावणं, पहिल्यांदाच आलासा व्हय कोल्हापूरला? आधी अंबाबाईचं दर्शन घ्या. मग रंकाळा बघा. मिसळ सकाळीच खावा, नंतर तर्री उरत न्हाई."

"व्हय बाबा. बघतो की," आत्ती पदराआडून म्हणाल्या. लिफ्टचं दार बंद झालं आणि त्यांना जे हसू फुटलं! "मला रंकाळा दावतोय मुडदा! माझं अर्धं आयुष्य गेलं त्या पाण्याच्या कडंला." हसता हसता डोळे पुसले.

त्या दिवशी मी कागलला जाऊन आले. तोवर त्यांनी लॉजवाल्यांची पलंगपोसं पुन्हा घडी घालून नीट केली होती आणि चहा आणणाऱ्याच्या घरची सगळी माहिती काढली होती. संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो. भेळ खाल्ली, वारा खाल्ला. मग त्या म्हणाल्या, "दूध पिऊया." आमच्याकडं संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात आणि तुमच्यासमोर धार काढून ग्लास हातात देतात. कोमट दूध, वर हा एवढा फेस. आत्तींनी एका दमात ग्लास संपवला. वरच्या ओठावर फेस तसाच होता आणि त्या एकदम बोलायला लागल्या.

"आमच्या बारकीला असलं दूध लई आवडायचं. मीच पाजायचो. आईला बाळंतपणानंतर उठवंना, मग तिला मीच वाढवली. कडंवरनं खाली म्हणून ठेवली न्हाई. माझ्या लग्नात ती अडीच-तीन वर्साची. मी बोहल्यावर, अन् ही माझ्या मांडीत. भटजी म्हणाला, पोरीला उतरवा. मी म्हटलं, उतरवत न्हाई. काय मंत्र म्हणायचं ते म्हणा."

मी म्हटलं, "मग उद्या जाऊया की गडहिंग्लजला. माझं काम दुपारी संपतंय. कागलपासनं जवळच आहे."

"तिनं बोलावलंय का?"

"न्हाई."

"मग? बोलावल्याबिगर कुणाच्या दारात जायाचं?"

माझं हे असंच आहे, तोंड आधी आणि डोकं मागनं. मी म्हटलं, "मग पुण्यासनं हितवर कशाला आलायसा? दूध प्यायला?"

आत्तींनी ग्लास खाली ठेवला. "व्हय. दूध प्यायलाच," म्हणाल्या आणि चालायला लागल्या. लॉजवर येईपर्यंत माझ्या चार पावलं पुढंच. मला इतकं वाईट वाटलं की सांगता सोय नाही. तीन वर्षांची पोर मांडीत घेऊन बोहल्यावर बसलेली बाई मला दिसत होती आणि तिला मी दुधावरून टोचलं होतं. पण चुकलं म्हणायला तोंड उघडावं तर त्या भिंतीकडं तोंड करून पडलेल्या.

शुक्रवारी सकाळी मी उठले तर आत्ती अंघोळ करून, ठेवणीतलं इरकल नेसून, पिशवी मांडीवर घेऊन तयार. "तू कामाला जा. मी संगं येतो. लॉजात करमत न्हाई."

"तिथं आत सोडत नाहीत, आत्ती. गेटवर बसायला लागेल."

"बसतो की. मला काय कुणी खातंय?"

फौंड्रीच्या गेटवर एक वयस्क चाचा आहेत, हातकणंगल्याकडचे. त्यांनी केबिनमधली आपली खुर्ची आत्तींना दिली, पंखा त्यांच्याकडं वळवला आणि स्वतः स्टुलावर बसले. मी निर्धास्त होऊन आत गेले. आणि आत नेमका घोळ. पहिल्या चार-पाच कास्टिंगमध्येच आवाज फुटका आला. कापून बघितलं तर आत फोडच फोड. मॅनेजर डोक्याला हात लावून बसला. सगळा माल एकेक करून निवडायचा, चांगला वेगळा काढायचा, त्यावर माझी सही, आणि हे सगळं आजच, कारण उद्यापासून माझी सुट्टी. म्हणजे दिवस मावळेपर्यंत सुटका नाही.

मी हात धुवायला बाहेर आले तर चाचा उठून जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तेवढं लवकर आवरा की. आजी सकाळधरनं सांगायल्यात, आज गडहिंग्लजला बहिणीकडं जायाचं हाय म्हणून."

मी केबिनच्या काचेतून बघितलं. आत्ती पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. मला सांगितलं नाही, माझ्या नवऱ्याला सांगितलं नाही, आणि गेटवरच्या परक्या माणसाला सगळं सांगून मोकळ्या! मला राग यायला हवा होता. पण आला नाही. मी तशीच आत गेले आणि मॅनेजरला म्हटलं, "माल निवडून ठेवा. मी उद्या येते."

"उद्या तर तुमची सुट्टी न्हवं?"

"सुट्टी उद्याची तुम्ही घ्या. आजची मला द्या."

तो बघतच राहिला. पण बिचारा म्हणाला, "जावा, जावा. काय तरी घरचं दिसतंय."

हायवेला लागल्यावर मी गाडी कोल्हापूरच्या उलट दिशेला वळवली. आत्तींना रस्ता कळत नाही असं थोडंच आहे? पण त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. निपाणी गेली. दोन्ही बाजूला उसाच्या गाड्या, तोडकऱ्यांची गर्दी. संकेश्वरात शिरता शिरता मागून आवाज आला, "थांब जरा. मोकळ्या हातानं कसं जायाचं?"

म्हणजे बोलल्या एकदाच्या! केळी घेतली, बेकरीतली खारी घेतली. खारीचा पुडा ठेवायला त्यांनी पिशवी उघडली तेव्हा मला आत एक हिरवी साडी दिसली, कोरी, घडी न मोडलेली. पुण्याहून आणलेली. घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

गडहिंग्लज जवळ आलं तसं मात्र त्यांचं धाबं दणाणलं. "गाडी फिरव," म्हणाल्या.

"आता काय झालं?"

"फिरव म्हणतो न्हवं. नगं मला."

मी गाडी कडेला घेतली आणि मागं वळून बघितलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत आवाज जाणारी माझी सासू सीटच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. मला म्हणाली, "तिनं दार लावून घेतलं तर गं? आता बंगळूरला गेली की गेली. आज दार लावलं तर मग मी कुठल्या तोंडानं जगायचं?"

एवढं सरळ त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. या वेळी तोंड मागं ठेवलं मी. म्हटलं, "लावलं तर मी हाय की, आत्ती. आपण दोघी परत जायचं कोल्हापूरला आणि झणझणीत मिसळ खायची."

त्यांनी नाक ओढलं. "दुपारची कोण मिसळ खातंय?" म्हणाल्या. मग पदर सारखा केला. "चल."

मावशीच्या दारात निम्मं घर बाहेर आलं होतं. गुंडाळलेल्या गाद्या, खोकी, दोरीनं बांधलेला पाटा-वरवंटा. मावशी पायरीवर बसून एका बोचक्याला गाठ मारत होती. गाडी थांबली तशी ती उठली. मी घाईनं खाली उतरले, चेहऱ्यावर हसू आणलं आणि म्हटलं, "मावशी, मी कागलला कामाला आलते, म्हटलं..." तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्या शेजारून सरळ मागच्या दाराशी गेली, काचेवर हात ठेवला आणि वाकून आत बघितलं.

आत्ती हलल्या नाहीत. मावशीनंच दार उघडलं आणि 'उतर' म्हणायच्याऐवजी आत शिरून त्यांच्या शेजारी बसली. मग मीही आपली पुढं जाऊन बसले. रस्त्यावर उभी राहून काय करू?

"त्या दिशी बी असंच वाकून बघितलं गं मी," मावशी म्हणाली.

"कवा?"

"लग्नाची गाडी आलती तवा. मी सकाळधरनं नटून बसलतो. ड्रायव्हर म्हणाला, चला, बसा. मी मागं बघितलं, पुढं बघितलं. तू कुठंच न्हवतीस."

आत्तींचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "मुराळी धाडला न्हाई, म्हणून तू गाडी परत..."

"मुराळी घाल चुलीत! मला काय करायचा मुराळी? मला वाटलं अक्का येईल. अक्काला आता माझी गरज न्हाई म्हटलं, अन् लावलं दार. आत जाऊन रडत बसलो."

मी समोरच्या काचेतून त्या बांधलेल्या पाट्याकडं बघत होते. मग आत्ती म्हणाल्या, "बसलतो की गं मी त्या गाडीत. हळद तशीच टाकून, पिशवी घिऊन बसलतो. ड्रायव्हरनं गाडी चालू बी केलती. मग मी उतरलो."

मावशीनं मान वर केली. "का?"

"तुझी चार पोरं, तुझं मालक, तू. गाडी एवढीशी. म्हटलं, मी बसलो तर तुझी पोरं कुठं बसायची?"

मावशीनं दोन्ही हातांनी त्यांचे दंड धरले आणि गदागदा हलवायला लागली.

"पोरं टपावर घातली असती गं मी! तू कशाला उतरलीस?"